सुट्या पानाची ओळख

दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीत इंग्लंड, चीन, पर्शिया, रशिया, फ्रान्स अशा नावांचे क्लस्टर आहेत. नखील कंपनीने उभारलेल्या या वस्तीत घरभाडं बाकी शहराच्या मानाने कमी, त्यामुळे भारतीय कुटुंबं पुष्कळ आणि त्यात मराठीही. इमारतींच्या तळमजल्यावर किराणा, सलून, कॅफेटेरिया आणि त्याच रांगेत एखादं टायपिंग सेंटर. घरी प्रिंटर नसलेली माणसं फोनमधली वर्ड फाइल तिथल्या काउंटरवर व्हॉट्सॲप करतात. कागद हातात पडल्यावर लक्षात येतं की वरच्या समासातलं नाव अर्धं कापलंय, पानांचे आकडे तिसऱ्या पानापासून पुन्हा एकपासून सुरू झालेत आणि मधल्या आडव्या पानावर आकडाच नाही. मजकूर शब्दन् शब्द बरोबर असतो. बिघडलेले असतात ते हेडर आणि फूटर, आणि ते दुरुस्त करायला काउंटरवरच्या माणसाला वेळ नसतो. त्याच्यामागे आणखी चार जण उभे असतात.

हेडर-फूटर ही सजावट आहे असं समजून आपण ते शेवटी, घाईत टाकतो. खरं तर त्यांचं काम एकच: गठ्ठ्यातून सुटलेलं पान कुठल्या कागदपत्राचं, कितवं आणि एकूण कितींपैकी, हे त्या पानानेच सांगावं. हे काम ज्या कागदावर सगळ्यात महत्त्वाचं ठरतं, तोच कागद उदाहरणाला घेऊ: कुलमुखत्यारपत्र.

सांगलीतला किंवा पुण्यातला फ्लॅट विकायचा आहे, मालक दुबईत आहे, रजा मिळत नाही. मग गावचा वकील मसुदा करून ईमेलने पाठवतो. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे परदेशी राहणाऱ्याचं कुलमुखत्यारपत्र नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वाणिज्य दूत यांच्यासमोर सही होऊन प्रमाणित व्हावं लागतं. आपल्याकडची माणसं त्यासाठी बहुतेक वेळा भारतीय वाणिज्य दूतावासाचीच वाट धरतात. कागद महाराष्ट्रात पोचला की तिथून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावायचा असतो. म्हणजे हा कागद दोन देशांतून आणि चार-पाच हातांतून जातो. कुठेही स्टेपल निघालं आणि एखादं पान बदललं गेलं, तर ते कळायला पानाच्या तळाशी काहीतरी लिहिलेलं हवं.

सुरुवात मात्र हेडरपासून करू नका. आधी कागदाचा आकार पाहा. महाराष्ट्रात वकिलांकडचे मसुदे अजूनही बरेचदा लिगल आकारात टाइप केलेले असतात: साडेआठ इंच रुंद, चौदा इंच उंच. दुबईतल्या प्रिंटरमध्ये ए४ असतो, २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ उंच. चौदा इंच म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटरच्या वर, तेव्हा प्रिंटर एकतर सगळं आकसून छापतो नाहीतर तळ कापतो, आणि तळालाच फूटर असतो. काही लॅपटॉपवर अमेरिकन लेटर आकार ठाण मांडून बसलेला असतो. तो ए४ पेक्षा थोडा रुंद आणि जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर कमी उंचीचा. लेआउट टॅबमधल्या साइझमध्ये जाऊन ए४ निवडा, वकिलांना तसं कळवा, मगच पुढे. नंतर आकार बदललात तर केलेली मांडणी पुन्हा हलते.

आता फूटर. पानाच्या तळाच्या समासात डबल क्लिक केलं की फूटर उघडतो आणि वर ‘हेडर अँड फूटर’ नावाचा टॅब येतो. मसुदा मराठीत असेल तर ‘एकूण ७ पैकी पान ३’ असं लिहिणं उत्तम. यातला एकही आकडा हाताने टाइप करायचा नाही. इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्ड या वाटेने ‘नमपेजेस’ हे फील्ड घातलं की एकूण पानं येतात आणि ‘पेज’ घातलं की चालू पान. भोवतीचे शब्द आपले. वकिलाने एक परिच्छेद वाढवून सात पानांची आठ केली तरी तळचे आकडे आपोआप बदलतात. डाव्या बाजूला दस्ताचं छोटं नाव ठेवा, ‘कुलमुखत्यारपत्र – लिहून देणार: अमुक’ एवढं पुरे. त्याच्या वर सहीची रेघ. प्रत्येक पानावर सही करायची असेल तर ती रेघ फूटरमध्येच असावी. मजकुराखाली एंटर मारमारून केलेली जागा एका ओळीच्या फरकाने पुढच्या पानावर जाते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली तर बरीच कटकट वाचते. फूटर खालून वर वाढतो. त्यात तीन ओळी घातल्या तर वर्ड मजकुराला तेवढं वर सरकवतं, तुम्हाला समास वाढवावा लागत नाही. तुमच्या हातात असतं ते कागदाच्या कडेपासून फूटरचं अंतर. वर्डमध्ये ते सहसा सव्वा सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि ते तसंच राहू द्यावं. मजकूर जास्त बसावा म्हणून काही जण ते तीन-चार मिलिमीटरवर आणतात. बहुतेक ऑफिस प्रिंटर कागदाच्या अगदी कडेला छापू शकत नाहीत आणि मग पानाचा आकडा अर्धा कापलेला येतो. शिक्क्यासाठीही जागा सोडा. शिक्का आकड्यावर उमटला तर आकडा गेलाच.

शेवटच्या पानावर पूर्ण सही, साक्षीदार वगैरे असतात, म्हणून तिथे फूटरमधली रेघ नको असं वाटतं. वर्डमध्ये पहिलं पान वेगळं करायची सोय आहे, शेवटचं वेगळं करायची नाही. त्यासाठी खटपट करू नये. त्या पानावर दोन सह्या झाल्या तर काही बिघडत नाही.

ही सगळी काळजी संगणकाने आणलेली नाही. जुन्या पोथ्यांची पानं सुटी असत. लेखनिक पानाच्या मागच्या बाजूला डाव्या समासात वर ग्रंथाच्या नावाचं संक्षिप्त रूप आणि आकडा लिही, उजव्या समासात खाली पुन्हा आकडा. मराठेशाहीतल्या पत्रांत माथ्याला शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे त्यापुढे कुणी एक शब्दही घुसडू नये. आपण फूटरमध्ये ‘एकूण ७ पैकी’ लिहितो ते याच सावधपणापोटी.

आता खरा गुंता. कुलमुखत्यारपत्राच्या शेवटी मिळकतीचं परिशिष्ट असतं. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, फ्लॅट असेल तर मजला आणि चटई क्षेत्र. हा तक्ता रुंद असतो, म्हणून तो आडव्या पानावर घ्यावा लागतो. त्यानंतर सह्यांचं पान पुन्हा उभं. पान आडवं करायला गेलात की अख्खा दस्त आडवा होतो, आणि इथेच बहुतेक जण हात टेकतात. याचं कारण असं की वर्डमध्ये पानाची दिशा, समास, हेडर आणि फूटर हे पानाचे नसतात, सेक्शनचे असतात. तुम्ही काही केलं नसेल तर सगळी फाइल हा एकच सेक्शन. एका पानाचा हेडर बदलला की सगळ्यांचा बदलतो तो म्हणूनच. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं.

तेव्हा परिशिष्टाच्या आधी कर्सर ठेवा, लेआउटमध्ये ब्रेक्स, त्यातलं ‘सेक्शन ब्रेक – नेक्स्ट पेज’. परिशिष्ट संपल्यावर पुन्हा तसाच एक ब्रेक. आता तीन सेक्शन झाले. कर्सर मधल्यात ठेवून लँडस्केप निवडा, तेवढंच पान आडवं होईल. नुसता पेज ब्रेक, म्हणजे कंट्रोल आणि एंटर, याने नवं पान येतं पण नवा सेक्शन येत नाही. होम टॅबवरचं उलट्या ‘पी’सारखं दिसणारं चिन्ह दाबलं की कुठे कुठला ब्रेक आहे ते शब्दांत लिहिलेलं दिसतं. काम चालू असेपर्यंत ते चिन्ह चालूच ठेवा.

नवा सेक्शन केला तरी त्याचा हेडर आधीच्याला बांधलेला असतो. टॅबवर ‘लिंक टू प्रीव्हियस’ हे बटण दाबलेल्या अवस्थेत दिसतं, ते बांधलेपण तेच. परिशिष्टाच्या पानावर वेगळा हेडर हवा असेल, समजा ‘परिशिष्ट अ’, तर आधी तिसऱ्या सेक्शनमध्ये जाऊन ते बटण सोडवा, मग दुसऱ्यात सोडवा, आणि त्यानंतरच दुसऱ्यात टाइप करा. उलट क्रमाने गेलात तर ‘परिशिष्ट अ’ सह्यांच्या पानावरही उमटतं आणि तिथे काय होतं ते पुन्हा लिहीत बसावं लागतं. शिवाय हेडरची गाठ वेगळी आणि फूटरची वेगळी. हेडर सोडवला म्हणून फूटर सुटत नाही, आणि इथे ते सोयीचंच आहे. फूटर बांधलेलाच राहू द्या, म्हणजे पानांचे आकडे सलग चालतील. तरीही आकडा मध्येच १ वर आला, तर पेज नंबर, फॉरमॅट पेज नंबर्समध्ये ‘स्टार्ट ॲट’ऐवजी ‘कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन’ निवडा.

आडव्या पानावर फूटर बांधलेला असूनही उजव्या टोकाचा आकडा मध्येच कुठेतरी लटकतो. तो टॅब उभ्या पानाच्या रुंदीला बेतलेला असतो. तिथे साध्या टॅबऐवजी हेडर-फूटरच्या टॅबवरचा ‘इन्सर्ट अलाइनमेंट टॅब’ वापरा आणि ‘राइट’ निवडा. तो समासाच्या हिशेबाने चालतो, पान उभं असो की आडवं.

आणि एक ताकीद. सेक्शनची सगळी माहिती त्याच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. तो ब्रेक पुसलात की वरचा भाग खालच्या भागाचं रूप घेतो. परिशिष्टाच्या आधीचा ब्रेक चुकून पुसला तर त्याआधीचा अख्खा मजकूर आडवा होतो आणि त्या सगळ्या पानांच्या माथ्यावर ‘परिशिष्ट अ’ येतं. घाबरू नका, लगेच कंट्रोल आणि झेड.

ऑफिसच्या कामात अडचण वेगळी, ती लेटरहेडची. यूएईतल्या बऱ्याच कंपन्यांच्या लेटरहेडवर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी आणि मध्ये लोगो असतो. हे स्पेसबारने जुळवणं म्हणजे शिक्षाच. हेडरमध्ये तीन रकान्यांचा, रेघा नसलेला एक टेबल घाला. उजव्या रकान्यात कर्सर ठेवून परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करा, नाहीतर अरबी वाक्यातले फोन नंबर आणि विरामचिन्हं भलतीकडे पळतात. दिशेचं हे बटण वर्डच्या भाषांमध्ये अरबी जोडली असेल तरच दिसतं. मग ‘डिफरंट फर्स्ट पेज’वर खूण करा, म्हणजे मोठं लेटरहेड पहिल्या पानापुरतं राहील आणि दुसऱ्यापासून नुसतं कंपनीचं नाव आणि आकडा. खूण केली की पहिल्या पानाचा हेडर रिकामा दिसतो, कारण तुमचा मजकूर दुसऱ्या पानाच्या हेडरमध्ये गेलेला असतो. तो तिथून उचलून पहिल्यावर आणा. कंपनीचं छापील लेटरहेड वापरत असाल तर पहिल्या पानाचा हेडर रिकामाच ठेवून त्यातल्या परिच्छेदाला वरून हवं तेवढं अंतर द्या. मजकूर आपोआप छापील भागाखाली सुरू होतो. भारतात मुद्रांक कागदावर दस्त छापतानाही हीच युक्ती चालते.

छोटा धंदा असलेल्यांनी इन्व्हॉइसकडे विशेष पाहावं. १ जानेवारी २०१८ पासून यूएईत ५ टक्के व्हॅट आहे. नोंदणी असलेल्याच्या बिलावर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ हे शब्द ठळक, आणि नाव-पत्त्याबरोबर पंधरा आकडी टीआरएन, म्हणजे करनोंदणी क्रमांक, हवा. हे हेडरमध्ये कायमचं बसवून फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह केली की दर बिलाला आठवावं लागत नाही. बिलाचा नंबर आणि तारीख मात्र हेडरमध्ये नकोत, ती दर वेळी बदलतात आणि हेडरमधलं बदलायचं राहून जातं.

तारखेवरून आठवलं. हेडरमध्ये तारीख घालताना ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ची खूण काढा. ती राहिली तर मार्चमध्ये दिलेलं पत्र जूनमध्ये उघडल्यावर जूनचं होतं, आणि घरमालकाला दिलेल्या नोटिशीच्या बाबतीत ही थट्टा नाही.

बायोडेटाचा नियम उलटा आहे. नोकरीच्या अर्जांची छाननी करणारी अनेक सॉफ्टवेअर हेडरमधला मजकूर नीट उचलत नाहीत. नाव, मोबाइल आणि ईमेल पहिल्या पानावर साध्या मजकुरात लिहा. दुसऱ्या पानाच्या हेडरमध्ये नाव आणि आकडा एवढंच असू द्या.

किरकोळ तक्रारी भरभर सांगतो. हेडर पडद्यावर फिका दिसतो, छापताना गडदच येतो. हेडर अचानक नाहीसा झाला तर बहुधा दोन पानांमधल्या फटीवर चुकून डबल क्लिक झालेलं असतं, तिथेच पुन्हा करा. फोनवर मोबाइल व्ह्यूमध्ये हेडर दिसतच नाही, प्रिंट लेआउट निवडा. ‘ड्राफ्ट’ असा पुसट वॉटरमार्क काही केल्या निघत नसेल तर हेडर उघडून त्यावर क्लिक करा आणि डिलीट दाबा, वॉटरमार्क राहतो तो हेडरमध्येच. दुसऱ्याची फाइल वापरत असाल तर हेडरमध्ये त्याच्या कंपनीचं नाव किंवा फाइलचा मार्ग राहिलेला नाही ना, हे पाहा. पहिलं पान मुखपृष्ठ असेल आणि आकडे दुसऱ्यापासून हवे असतील तर ‘डिफरंट फर्स्ट पेज’ आणि ‘स्टार्ट ॲट’ला शून्य. तेव्हा ‘एकूण’चा आकडा एकाने जास्त येईल, म्हणून अशा फाइलमध्ये नुसता पानाचा आकडा ठेवावा.

मंडळाची स्मरणिका वर्डमध्ये करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. पंचवीस लेख, पंचवीस लेखक, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या त्या लेखाचं नाव हवं. त्यासाठी पंचवीस सेक्शन करू नका. सगळ्या लेखांच्या शीर्षकांना ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्या, हेडरमध्ये ‘स्टाइलरेफ’ हे फील्ड घाला आणि त्यात ‘हेडिंग १’ निवडा. ज्या पानावर जो लेख, त्याचं शीर्षक आपोआप वर येतं. लेखकांच्या नावांना दुसरी एक स्टाइल दिली आणि ‘डिफरंट ऑड अँड ईव्हन पेजेस’ चालू केलं, तर डाव्या पानावर लेख आणि उजव्यावर लेखक, अगदी छापील पुस्तकासारखं. लेखांचा क्रम शेवटच्या रात्री बदलला तरी हेडरला हात लावावा लागत नाही, आणि स्मरणिकेत तो बदलतोच.

मराठी आकड्यांचा प्रश्न हटकून येतो. भाषांमध्ये हिंदी जोडली असेल तर फॉरमॅट पेज नंबर्सच्या यादीत देवनागरी आकडे मिळतात का ते आधी पाहा. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये ‘न्यूमरल’ नावाची जी सोय आहे, तिथे मात्र ‘हिंदी’ निवडू नका. अरबी चालू असलेल्या संगणकावर त्याने अरबी लिपीतले आकडे येतात, देवनागरी नव्हे. दूतावासात किंवा बँकेत द्यायच्या इंग्रजी कागदावर इंग्रजीच आकडे असावेत.

गुगल डॉक्समध्येही वरच्या किंवा खालच्या समासात डबल क्लिक करूनच काम होतं. पहिलं पान वेगळं, सम-विषम वेगळं, सेक्शन ब्रेक हे सगळं तिथे आहे. पण वर्डची फाइल तिथे उघडून पुन्हा वर्डमध्ये आणली तर हेडरमधला टेबल हलू शकतो, म्हणून दस्त एकाच ठिकाणी पुरा करावा. लिबरऑफिसमध्ये तत्त्व तेच, फक्त हेडर सेक्शनऐवजी पेज स्टाइलला बांधलेला असतो.

टायपिंग सेंटरला वर्ड फाइल पाठवू नका. तिथल्या संगणकावर तुमचा मराठी फाँट नसेल तर ओळी लांबतात, पानं वाढतात आणि सहीच्या रेघा सरकतात. घरीच पीडीएफ करा आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटत पाहा: आकार ए४, आकडे सलग, आडव्या पानावर फूटर जागेवर. काउंटरवर ‘ॲक्चुअल साइझ’मध्ये छापायला सांगा. तीच पीडीएफ वकिलांनाही पाठवा आणि त्यांचा होकार आल्यावरच दूतावासाची वेळ घ्या.